हात थरथरतो म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कुणाचा हात थरथरताना दिसला की लोक आपापला अर्थ लावून मोकळे होतात. माणूस वयस्कर असेल तर 'वय झालं', तरुण असेल तर 'घाबरट दिसतोय', आणि संध्याकाळची वेळ असेल तर 'जरा घेतलेली दिसते'. मी ३६ वर्षांचा आहे, हैदराबादला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि गेली सहा-सात वर्षं यातले शेवटचे दोन अर्थ आलटून पालटून ऐकतो आहे. म्हणून आज मंडळाच्या वाचकांशी या विषयावर जरा मोकळेपणाने बोलावंसं वाटलं.

सुरुवात किरकोळ होती. इराणी हॉटेलात चहा घेताना कपबशी किणकिणायची, एवढंच. हात मांडीवर ठेवला की एकदम शांत. पण काही धरायला, ओतायला किंवा नेमक्या जागी न्यायला गेलो की थरथर सुरू. पूजेत पळीने पाणी सोडताना निम्मं ताम्हनाबाहेर जायचं. गेल्या दोन वर्षांत ते वाढलं. मोबाइलवर ओटीपी टाकताना एकच आकडा दोनदा पडू लागला. मीटिंगमध्ये स्क्रीनवर काही दाखवताना माउसचा बाण नाचायचा आणि सगळ्यांच्या नजरा त्या बाणावर. मुलीला ताप आला होता तेव्हा पाच मिलीलिटर औषध झाकणात मोजणं मला जमेना. त्या रात्री पत्नी म्हणाली, "हे आता नीट कुणाला तरी दाखवायचं."

जवळच्या डॉक्टरांनी टेन्शन आणि जागरण असं कारण सांगितलं, बी-१२च्या गोळ्या दिल्या. तीन महिने घेतल्या, फरक पडला नाही. एका नातेवाइकांनी 'हा कंपवात' म्हणत खाजकुयलीचं चूर्ण सुचवलं. मी गप्प बसलो, पण मनात भीती तीच होती. कंपवात म्हणजे पार्किन्सन, आणि पार्किन्सन म्हणजे नोकरी, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण, सगळंच डोळ्यांसमोर उभं राहतं.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली. बाबा म्हणाले, "मीही येतो रे." तिथे मोठ्या मशीनची तपासणी असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे केला आणि जिलबीसारखं वेटोळं काढायला सांगितलं, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. एक वाक्य लिहून घेतलं. हात समोर ताठ धरायला लावले, बोट माझ्या नाकाला आणि त्यांच्या बोटाला आळीपाळीने लावायला सांगितलं, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला लावलं, आणि खोलीत चालून दाखवायला सांगितलं. मग एक प्रश्न आला, "थोडी दारू घेतल्यावर थरथर कमी होते का?" शेजारी बाबा. मी हळूच "हो" म्हणालो. बाबा भिंतीवरचं मेंदूचं चित्र फार लक्ष देऊन बघू लागले.

त्या प्रश्नामागे कारण होतं. 'इसेन्शियल ट्रेमर' नावाच्या आजारात पुष्कळ रुग्णांना दारूने तात्पुरतं बरं वाटतं. तो इलाज मात्र नव्हे. अंमल उतरला की थरथर पूर्वीपेक्षा वाढू शकते आणि सवय लागते ती वेगळीच, हे डॉक्टरांनी तिथेच बजावलं. मला हाच आजार निघाला.

पार्किन्सन आणि हा आजार यांतला फरक मला तिथे पहिल्यांदा कळला. पार्किन्सनची थरथर बहुधा हात निवांत पडलेला असताना दिसते आणि एका बाजूला सुरू होते. सोबत हालचाली मंदावतात, अंग ताठरतं, अक्षर बारीक होत जातं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात काम करताना थरथरतो, बहुतेकदा दोन्ही हात, आणि अक्षर मोठं व नागमोडी होतं. हाताची ही हालचाल सेकंदाला साधारण ४ ते १२ वेळा होते. काहींची मान किंवा आवाजही कापतो. १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, तो हा नव्हे. खाजकुयलीचा उलगडाही झाला. तिच्या बियांत लेव्होडोपा हा घटक असतो. तो पार्किन्सनवरचा उपाय आहे, माझ्या आजारात त्याचा उपयोग नाही.

या आजारासाठी रक्ताची अशी एखादी चाचणी नाही. तपासण्या होतात त्या बाकीची कारणं वगळायला. थायरॉइड वाढलेलं असलं तरी हात थरथरतात. दम्याची सल्बुटामॉलसारखी औषधं, लिथियम, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनीही थरथर येते. चाळिशीच्या आतल्या रुग्णात विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार, नाही ना हेही बघतात, कारण तो वेळेत सापडला तर त्यावर चांगला इलाज आहे. माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला?" मी काही बोलायच्या आत बाबांनी स्वतःचे दोन्ही हात समोर धरले. तेही थरथरत होते. आजोबांचे हातही थरथरायचे, पण घरात ते 'म्हातारपण' या खात्यात जमा होतं. हा आजार पुष्कळ घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतो. अशा घरात आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला येण्याची शक्यता साधारण निम्मी धरतात. विशीत किंवा साठीनंतर तो सुरू होण्याचं प्रमाण जास्त.

तेव्हा मला बाबांच्या काही गोष्टींचा अर्थ लागला. बाबांचं अक्षर सुंदर. लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालायला काचीगुड्यातली मंडळी त्यांच्याकडे यायची. काही वर्षांपूर्वी त्यांनी ते काम बंद केलं, 'डोळ्यांना त्रास होतो' असं सांगून. पंगतीत बसेनासे झाले, कारण वाटीतली आमटी तोंडापर्यंत पोचत नसे. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला तेव्हापासून बँकेची कामं आईकडे गेली. एवढं सगळं त्यांनी एकट्याने सोसलं, आणि आम्ही समजत होतो की बाबा आताशा लोकांत मिसळत नाहीत.

या आजारावर दोन औषधं प्रामुख्याने वापरतात, प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन. प्रोप्रॅनोलॉल मुळात हृदयविकारासाठी तयार झालं. ते शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं. मला ते सुरू झालं. बाबांना दमा आहे, आणि दमेकऱ्यांना ते चालत नाही, म्हणून त्यांना प्रिमिडोन दिलं, अगदी लहान डोसपासून, रात्री झोपताना. पहिले काही दिवस त्यांना गुंगी यायची, नंतर कमी झाली. ही औषधं मनाने सुरू करायची नाहीत आणि प्रोप्रॅनोलॉल तर मनाने एकदम बंदही करायचं नाही. थरथर पूर्ण जात नाही, पण माझी निम्म्याच्या आसपास आली आहे.

औषधांनी भागत नाही अशांसाठी पुढचे मार्गही आहेत. मेंदूतल्या थॅलॅमस या भागात बारीक तार बसवून विजेचे स्पंद देण्याची 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' ही पद्धत १९८७ च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आली. कवटी न उघडता अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर एकवटण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. आमच्यावर ती वेळ नाही, पण वाट बंद नाही हे माहीत असलेलं बरं.

रोजच्या कामांत छोट्या युक्त्याही उपयोगी पडतात. कप जड घ्यावा आणि अर्धाच भरावा. कोपर अंगाशी किंवा टेबलाला टेकवून काम करावं. चहा-कॉफी कमी केल्याने काहींना फरक पडतो. औषध झाकणाऐवजी सिरिंजने मोजावं. कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी विंडोजमधलं 'फिल्टर कीज' चालू करून बघावं, चुकून दोनदा दाबलेलं अक्षर ते एकदाच घेतं. आणि ऑफिसात सांगून टाकावं. मी टीमला सांगितलं तेव्हापासून बाणाकडे कुणी बघत नाही, आणि लपवण्याचा ताण गेल्यामुळे तो नाचतोही कमी.

घरात कुणाचा हात थरथरत असेल तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. थरथर एकाच बाजूला असेल, चाल बदलली असेल, बोलणं जड झालं असेल, किंवा ती अचानक सुरू झाली असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. जाताना चालू औषधांची यादी, थरथर कधी वाढते याची नोंद आणि जुन्या-नव्या सह्यांचे नमुने न्या. घरातलं वडीलधारं माणूसही बरोबर न्या. काय सांगावं, एका फीमध्ये दोघांचं निदान व्हायचं!

बाबांनी बँकेत जाऊन सहीचा नवा नमुना दिला आहे. सही नागमोडी आहे, पण आता बँकेतही तशीच आहे.