‘हबशी’ आणि ‘काळा’ : स्थलांतरितांच्या वर्णदृष्टीची भाषिक बाजू

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीत ‘हबशी’ हा शब्द मुळात देशवाचक होता. हबश म्हणजे आजचा इथिओपिया. तेथून आलेला तो हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर येथे चंगेजखान या मंत्र्याच्या पदरी आला आणि हा चंगेजखानही हबशीच होता. इ. स. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यावर अंबराने दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवले व १६२६ पर्यंत राज्य सांभाळले. जहांगिराने आत्मचरित्रात त्याच्या काळेपणावरून त्यास दूषणे दिली हे खरे. तथापि दक्षिणेत वर्ण हा मंत्रिपदाच्या आड आला नाही.

अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांबरोबर ही स्मृती फारशी गेलेली दिसत नाही. गेली ती लग्नाच्या जाहिरातींतील वर्णश्रेणी : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. विठ्ठल सावळा असतो, वधू मात्र गोरीच हवी असते. या श्रेणीला तेथे आयती दुसरी श्रेणी भेटली. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात तर उच्च जातीचा आर्य म्हणून आपण गोरे ठरतो, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला. पुढे १९६५ च्या कायद्याने दारे उघडली, ती मुख्यतः शिक्षित व्यावसायिकांना आणि नातलगांना. या कायद्यामागे कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचे बळ होते. परंतु नवागत आले ते चळवळीनंतर. त्यांना आपले यश केवळ स्वकष्टाचे वाटावे हे स्वाभाविक होते. ज्यांच्याशी शेजार नाही, त्यांच्याविषयीचे मत वृत्तपत्रे आणि चित्रपट बनवतात, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

सर्वच मराठी दृष्टी एक नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला, डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. जातीच्या उतरंडीत पाहणारा कोठे उभा आहे, यावर काळ्या माणसात त्याला कोण दिसते हे बरेचसे अवलंबून राहिले.

परदेशस्थ घरांतील बोलीत याची एक खूण सापडते. तेथे ‘अमेरिकन’ म्हटले की बहुधा गोरा समजावयाचा. कृष्णवर्णीयाचा उल्लेख मात्र ‘काळा’ असा वेगळा होतो, मग त्याच्या पिढ्या त्या देशात कितीही जुन्या असोत.