चौथ्या गड्याचे काम

मोबाईलवरच्या खेळाविषयी या पानावर लिहिण्याची वेळ आमच्यावर येईल असे आम्हाला वाटले नव्हते. मुलांच्या हातातून मोबाईल काढून घ्या, हेच आम्ही आजवर बैठकांतून सांगत आलो. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत वस्तीत एक प्रकरण घडले आणि तो खेळ आम्हाला नीट समजून घ्यावा लागला.

आमच्या वस्तीतील चार मुले मिळून बीजीएमआय खेळतात. चौघांपैकी एकाचा मोबाईल फार जुना. समोर गर्दी झाली की त्याचा पडदा थिजतो आणि पुन्हा हलू लागतो तेव्हा हा गडी मेलेला असतो. डावामागून डाव हरून संघाची रँक घसरली, तेव्हा बाकीच्या तिघांनी त्याला सरळ काढून टाकले आणि कोणी अनोळखी भिडू घेतला. मुलगा दोन दिवस धड जेवला नाही. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. ती आमच्याकडे आली.

"दादा, हप्त्यावर मोबाईल घेते म्हणते. अठरा हजाराचा आहे. तुम्ही हापिसातले, जामीन म्हणून सही कराल का?"

आम्ही म्हणालो, "ताई, पंधरा दिवस थांबा."

सही टाळण्याचे ते निमित्त होते, हे कबूल करतो. पण शब्द दिला होता, म्हणून संध्याकाळी कचेरीतून आल्यावर विहाराच्या ओट्यावर मुलांजवळ जाऊन बसू लागलो. काढून टाकलेल्या मुलालाही बोलावून घेतले.

खेळ असा आहे. शंभर खेळाडू विमानातून एका मोठ्या बेटावर उड्या टाकतात. चार-चारांचे संघ. बंदुका, औषधे, गाड्या तिथेच शोधायच्या. सुरक्षित वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. ब्राँझपासून सुरू होऊन सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस असे चढत जायचे. सर्वांत वर काँकरर. मुले याला रँक पुश म्हणतात.

आम्ही हिशेबाची माणसे. एक वही केली आणि प्रत्येक डावात कोण कुठे, कधी आणि कशाने मेला ते लिहीत गेलो. आठवडाभरात जे दिसले ते मुलांनाही अनपेक्षित होते. बहुतेक डावांत चौघेही पोचिंकी गावात उतरत, कारण तिथे माल भरपूर. पण माल भरपूर म्हणून निम्मे विमानही तिथेच उतरते. पाच-सात मिनिटांत सगळे गारद. जुन्या मोबाईलवाला आधी मरे, एवढाच फरक. नव्या मोबाईलवाले तिघे त्याच्या मागोमाग जात. शिवाय रँकचे गुण देताना नुसती मारामारी मोजत नाहीत. संघ शेवटपर्यंत किती टिकला याला मोठे वजन असते. म्हणजे मुले तोट्याचाच धंदा करीत होती.

आम्ही सुचवले, विमानाच्या वाटेपासून दूर उतरा, गाडी मिळवा आणि वर्तुळाच्या कडेकडेने आत सरका. कडेला राहिले की पाठीमागून सहसा कोणी येत नाही. तिघेही हसले.

"काका, हा भित्र्यांचा खेळ झाला. किल नको का?"

त्यांचे समाधान आमच्याने झाले नसते. ते आमच्या कन्येने केले. ती महाविद्यालयात शिकते. तिने मुलांना मोबाईल लेजेंड्स या दुसऱ्या खेळातले फिलिपाईन्स देशातील ब्लॅकलिस्ट इंटरनॅशनल या संघाचे सामने दाखवले. तो खेळ आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये गेला, पण सामन्यांचे चित्रण पाहता येते.

त्यात पाच विरुद्ध पाच गडी असतात. तीन वाटा, वाटांवर बुरूज, मधे जंगल. प्रतिपक्षाचा तळ पाडला की जिंकले. रूढ पद्धत अशी की जंगलात एक चपळ मारेकरी फिरवायचा, त्यालाच सारे सोने खाऊ घालायचे आणि मग त्याने मारत सुटायचे. रँकच्या सामन्यात प्रत्येकाला तोच मारेकरी व्हायचे असते. ब्लॅकलिस्टने २०२१ साली हे उलटे केले. जंगलात त्यांनी मार सोसू शकेल असा धिप्पाड गडी ठेवला; ते काम डॅनरी डेल रोझारियो, खेळातले नाव वाईज, याच्याकडे. कप्तान जॉनमार व्हिलालुना, ज्याला सगळे ओहमायव्हीनस म्हणतात, त्याने एस्टेस घेतला. एस्टेस हा वैदू आहे. जवळच्या सोबत्यांच्या जखमा भरून काढणे एवढेच त्याचे मुख्य काम. उपचार जवळच्यालाच पोचतो, म्हणून पाचही जण एकत्र चालत. प्रतिपक्षाने एकाला घायाळ करावे तर तो मागे सरून बरा होई आणि दुसरा पुढे येई. या पद्धतीला त्यांनी अल्टिमेट बाँडिंग एक्सपिरियन्स असे लांबलचक नाव दिले होते. एकमेकांना धरून राहणे, असा त्याचा अर्थ.

त्या एका वर्षात त्यांनी देशातील साखळी लागोपाठ दोनदा जिंकली. डिसेंबर २०२१ मध्ये सिंगापूरला जागतिक स्पर्धा झाली. तिथे एका अमेरिकी संघाकडून ते हरले आणि खालच्या गटात फेकले गेले, जिथे आणखी एक हार म्हणजे घरी परत. तिथून सगळे सामने जिंकत ते अंतिम फेरीत आले आणि आपल्याच देशाच्या ओनिक संघाला ४-० असे हरवले. अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो वैदू खेळणारा कप्तान.

"म्हणजे काका, डॉक्टरला बक्षीस?" आमच्या तिघांतला सर्वांत तापट मुलगा म्हणाला. मग बराच वेळ गप्प होता.

ही युक्ती अजिंक्य होती असे मात्र नाही. निवडीच्या वेळी प्रतिस्पर्धी एस्टेसवरच फुली मारू लागले, उपचार कमी करणाऱ्या वस्तू विकत घेऊ लागले. जानेवारी २०२३ मध्ये जकार्ताला एको या फिलिपिनो संघानेच ब्लॅकलिस्टला अंतिम सामन्यात ४-० ने धुतले. आणि प्रत्येक विचित्र युक्ती चांगलीच असते असेही नाही. त्याच खेळात डिगी नावाचे घुबड आहे. ते मेल्यावर अंडे होऊन फिरते आणि तरीही त्रास देत राहते. काहींनी ते मुद्दाम पुन्हा पुन्हा मरायला पाठवून समोरच्या जंगलवाल्याला हैराण करण्याची टूम काढली. शेवटी कंपनीला नियम बदलावे लागले. अनोळखी सोबत्यांच्या डावात न सांगता असले प्रयोग करणे म्हणजे इतर चौघांची संध्याकाळ वाया घालवणे आहे, असे आमचे मत आहे.

पुन्हा आपल्या ओट्यावर येऊ. जुन्या मोबाईलवाल्याला आम्ही संघात परत घ्यायला लावले, पण कामे वेगळी दिली. गाडी त्याने चालवायची. बंदुकीच्या गोळ्या कमी ठेवून झोळीत औषधे आणि धुराचे बाँब भरायचे. चित्राची प्रत खालची, स्मूथ ठेवायची, म्हणजे मोबाईल कमी अडकतो. गोळीबारात त्याने शिरायचेच नाही. मागे राहून कोण कुठून येतो ते ओरडून सांगायचे. सोबती पडला की धूर त्याच्या अंगावर नव्हे, त्याच्या आणि शत्रूच्या मधे टाकायचा. पडलेल्याला उठवायला दहाएक सेकंद लागतात, तेवढा आडोसा हवा.

पहिल्या संध्याकाळी त्याने जीप नदीत घातली. दुसऱ्या दिवशी धूर स्वतःच्याच तोंडावर. शिव्या ऐकून आम्ही वही मिटून उठलो होतो. "शिवी दिली तर उद्या वही नाही," एवढेच बजावले. आश्चर्य म्हणजे ती वही त्यांना हवी होती. कुणी किती मारले या रकान्याशेजारी कुणी किती उठवले हा रकाना आम्ही काढला होता, आणि त्यात जुन्या मोबाईलवाल्याचे नाव सर्वांत वर चालले होते. तापट मुलगा एकदा हळूच म्हणाला, "काका, आज मी पण दोघांना उठवलं, ते लिहिलं का?"

कबड्डीत चढाई करणाऱ्याला टाळ्या पडतात आणि कोपरारक्षक गुडघे फोडून घेतो, हे आम्हाला तरुणपणापासून ठाऊक होते. मोबाईलमध्येही तेच असेल हे मात्र ठाऊक नव्हते. तिघांपैकी एकाने पात्राच्या कपड्यांवर यूसी विकत घेऊन घरचे पैसे उडवले होते, तेही वहीच्या निमित्ताने बाहेर आले. कपड्यांनी एकही डाव जिंकल्याची नोंद वहीत नव्हती.

सुटी संपता संपता संघ प्लॅटिनममधून डायमंडमध्ये गेला. खेळ रात्री नऊपर्यंतच, हे त्यांनी आमचे ऐकले. सगळे दिवस ऐकले असे म्हणणार नाही.

शाळा सुरू झाल्यावर ताई पुन्हा आल्या. पंधरा दिवसांचे दीड महिने झाले होते. आम्हाला वाटले, आता सहीचे काय ते उत्तर द्यावे लागणार.

"दादा," त्या म्हणाल्या, "नवीन नको म्हणतो आता. पण ह्याची बॅटरी फुगलीय. ती बदलायला किती घेतील?"