घरातले ऑफिस : खुर्चीआधी खिडकी

घरातले ऑफिस म्हणजे रोज सात-आठ तास स्क्रीनसमोर बसता यावे म्हणून घरात ठरवून ठेवलेली जागा. छत्रपती संभाजीनगरात अशा जागा मार्च २०२० नंतर झपाट्याने वाढल्या. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नोकरी करणारी मुले लॅपटॉप घेऊन सिडको-गारखेड्यातल्या घरी परतली आणि त्यातली काही इथूनच काम करू लागली. त्यावरून घरून काम करणे हे कोरोनाने आणलेले खूळ आहे, असा समज झाला. या भागापुरता तरी तो खरा नाही. शहरातले हिमरू विणणारे आणि पैठणचे पैठणी विणणारे कारागीर पिढ्यानपिढ्या राहत्या घरातच माग चालवत आले. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो आणि विणायचे कापड हाताच्या उंचीला येते. बूड कुठे, हात कुठे आणि पाय कुठे, या तिन्हींचा हिशेब त्यात पक्का आहे. तयार फर्निचर घेताना नेमका तोच राहून जातो.

महागडी खुर्ची आणली की पाठदुखी थांबते, हा सर्वांत खर्चिक गैरसमज. दोष पुष्कळदा टेबलाचा असतो. बाजारातले टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, डायनिंग टेबलही तेवढेच. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. एवढ्या उंचीची व्यक्ती तळपाय टेकवून बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून ६० ते ६३ सेंटिमीटरवर येते. म्हणजे टेबल तिच्यासाठी अर्ध्या वितेहून थोडे जास्तच उंच असते. मग खांदे दिवसभर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान आखडते. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात. अशा वेळी पायांखाली लाकडी पाट ठेवावा. लाकडी टेबल असेल, तर सुताराकडून त्याचे पाय कापून घेणे सर्वांत स्वस्त. लॅपटॉपची अडचण आणखी वेगळी: स्क्रीन डोळ्यांसमोर आणली की कीबोर्ड छातीशी येतो. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळा घेतला, की ही अडचण सुटते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि अंतर हातभर असावे.

शाळेत शिकवलेले ताठ बसणेही इथे उपयोगाचे नाही. नव्वद अंशांत तासन्‌तास बसण्यापेक्षा पाठीला टेकण देऊन शंभर-एकशेदहा अंशांत मागे रेलणे कमरेला सोसते. उभ्याने काम करण्याच्या टेबलाने वजन उतरते, ही जाहिरातबाजी आहे. बसण्याच्या तुलनेत उभे राहिल्याने तासाला जेमतेम आठ-नऊ कॅलरी जास्त खर्च होतात आणि दिवसभर उभे राहिल्यास पायांच्या शिरांवर ताण येतो तो वेगळाच. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन येणे पुरते.

टेबल कोणत्या दिशेला लावावे, हा प्रश्न बहुतेक घरांत वास्तुशास्त्राच्या पुस्तकावरून सुटतो: तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण पूर्वेच्या खिडकीसमोर तोंड करून बसले, तर सकाळी ऊन सरळ डोळ्यांत येते आणि खिडकीकडे पाठ केली तर स्क्रीनवर खिडकीच दिसते. उजेड बाजूने यावा, एवढे पाळले की दिशा कोणतीही चालते.

दक्षिणेची खोली तापते म्हणून ती ऑफिसला नको, हा समज मात्र पार उलटा आहे. संभाजीनगर सुमारे १९.९ उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात इथे दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. जे पडते ते साधा छज्जा अडवतो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो आणि तेव्हा हेच ऊन खोलीत हवेसे वाटते. खरी वैरीण पश्चिमेची भिंत. चारनंतरचे तिरपे ऊन छज्ज्याखालून आत घुसते. त्यावर आतला जाड पडदा फारसा चालत नाही, कारण काच ओलांडून उष्णता आधीच घरात आलेली असते. चिक, बांबूची चटई किंवा हिरवी जाळी, जे काही लावायचे ते खिडकीच्या बाहेरून लावावे.

वरच्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब तापलेला असतो आणि त्याची धग खाली उतरायला काही तास लागतात. म्हणून अशी खोली भर बारापेक्षा संध्याकाळी जास्त तापते. अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी संध्याकाळी कामाला बसणाऱ्यांना हे नेमके त्याच वेळी भोवते. गच्चीवर चुन्याचा किंवा पांढऱ्या रंगाचा हात मारला, तर फरक जाणवतो.

कूलर लावून दारे-खिडक्या गच्च बंद करणे ही घराघरातली चूक. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेएवढी उष्णता शोषली जाते. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर पुढचे बाष्पीभवन मंदावते. एप्रिल-मेच्या दुपारी इथली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, तेव्हा समोरची खिडकी उघडी ठेवून चालवलेला कूलर उत्तम काम करतो. जुलैत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. शिवाय त्याला तासाला काही लिटर पाणी लागते आणि नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या या शहरात हा खर्च विजेच्या बिलात दिसत नाही, टाकीत दिसतो. एसी असेल तर तो १८ वर ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही. फक्त कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू व्हावेत, असा नियम केंद्राने केला आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वाढवले, की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

वीज गेली की इंटरनेट जाणारच, असे धरून चालणेही बरोबर नाही. फायबरच्या तारेत प्रकाश वाहतो. घरातली फायबरची पेटी आणि राउटर यांना वीज मिळत राहिली आणि कंपनीच्या बाजूलाही बॅकअप असला, तर लाइन सुरू राहते. दोन्ही मिळून वीस-एक वॅट खातात. १५० अॅम्पिअर-तासांच्या नव्या बॅटरीवर ते, एक लॅपटॉप आणि एक पंखा असा दीडशे वॅटचा भार सात तासांच्या आसपास चालतो. वीज गेल्या क्षणी राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवावा. तसेच कॉल अडखळतो म्हणून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणे व्यर्थ. चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. वाय-फायला अडथळा असतो तो मधल्या विटांच्या नऊ इंची भिंतींचा, आणि त्यावर टेबलापर्यंत ओढलेली लॅनची तार हा जुना पण खात्रीचा उपाय.

डोळ्यांसाठी निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेण्याचीही गरज नाही. कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२३ मधल्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. अशा चष्म्याने डोळ्यांचा ताण कमी होतो, असे त्यात दिसले नाही. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, त्याने डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे. टेबलावरच्या मनी प्लांटने हवा शुद्ध होते, हेही तसलेच. तेवढ्या कामाला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असे २०१९ मधल्या एका विश्लेषणात निघाले. शोभेसाठी झाड जरूर ठेवावे.

राहिला शेवटचा समज, घरून काम म्हणजे आराम. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. मात्र प्रयोगात ज्यांना घेतले, त्यांच्याकडे काम करायला वेगळी खोली असणे ही आधीची अट होती. आणि प्रयोग संपल्यावर, एकटेपणा नको म्हणून, घरून काम करणाऱ्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी पुन्हा ऑफिसात जाणे पसंत केले.