नेपाळला रस्त्याने जाताना: खुल्या सीमेबद्दलचे गैरसमज

गोरखपूरहून सुनौलीला पोचलेला महाराष्ट्रातला प्रवासी कमानीखालून पलीकडच्या बेलहियात चालत जातो. बहुधा कोणी अडवत नाही, आणि ही सीमा नावापुरतीच आहे असं त्याच्या मनात पक्कं बसतं. सुमारे 1,750 किलोमीटरची ही सीमा खुली आहे, हे खरंच. पण तो खुलेपणा 1950च्या शांतता व मैत्री करारावर उभा आहे. त्यातलं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या भूमीत राहण्याची, मालमत्ता बाळगण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची मुभा देतं. मुभा आहे ती नागरिकाला. त्याच्या गाडीला, पाकिटातल्या नोटांना किंवा सोबतच्या परदेशी पाहुण्याला ती आपोआप लागू होत नाही. बहुतेक गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

सगळ्यात पसरलेला समज आधार कार्डाचा. भारतीयाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही आणि पासपोर्टही सक्तीचा नाही. पण आपण भारतीय नागरिक आहोत हे दाखवता यायला हवं, आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणून मान्य कागद दोन: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. आधारची सवलत 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या प्रवाशांपुरती आहे. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की रोज हजारो लोक काहीही न दाखवता ये-जा करतात. करतात, पण त्यांतले बरेचसे सीमेलगतच्या गावांचे, रोटी-बेटीच्या नात्यांनी बांधलेले लोक असतात. सीमेवर सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात आणि संशय आला की ते विचारतात. शिवाय खरी अडचण नाक्यावर येतेच असं नाही. नुसतं आधार घेऊन रस्त्याने काठमांडूला पोचलेल्या चाळिशीतल्या एकट्या प्रवाशाने ऐनवेळी विमानाने परतायचं ठरवलं, तर तिथे तेच दोन कागद मागितले जातात.

अमेरिकेत स्थायिक झालेला भाऊ सोबत असेल तर गोष्ट आणखी बदलते. ओसीआय कार्ड म्हणजे भारताचं नागरिकत्व नव्हे. अमेरिकन पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याला भारताच्या इमिग्रेशन कार्यालयात बाहेर पडल्याचा शिक्का आणि पलीकडे नेपाळचा व्हिसा घ्यावाच लागतो. सुनौलीच्या गजबजाटात ते कार्यालय नजरेतून सुटू शकतं. सुटलं तर मागे फिरून शिक्का घेणंच बरं. गाडीचंही तसंच. भारतीय नंबर प्लेटच्या गाडीसाठी भन्सार, म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयात, दिवसांच्या हिशोबाने शुल्क भरून परवाना काढावा लागतो. मुक्काम लांबला आणि परवान्याची मुदत वाढवली नाही तर दंड होतो.

पैशांबाबत अर्धं खरं जास्त फिरतं. 1993पासून एका भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे आणि भारतीय नोटा बऱ्याच ठिकाणी चालतात. मात्र डिसेंबर 2018मध्ये नेपाळने शंभरहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. असे नियम बदलत राहतात, त्यामुळे निघताना ताजी स्थिती पाहावी. शंभरच्या नोटा जवळ असल्या तर चिंता कमी. मार्च 2024पासून तिथल्या फोनपे जाळ्यातल्या दुकानांत यूपीआयही चालतं. (हे फोनपे नेपाळी आहे, आपल्याकडच्या त्याच नावाच्या अ‍ॅपशी त्याचा संबंध नाही.)

करार आहे म्हणजे दार कायम उघडं, असंही नाही. मार्च 2020मध्ये करोनामुळे ही सीमा प्रवाशांसाठी बंद झाली. निवडणुकीच्या सुमाराला तर दोन्ही बाजूंची नाकी काही काळ बंद ठेवण्याची रीतच आहे, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश किंवा नेपाळमधल्या मतदानाच्या तारखा पाहूनच रक्सौल-बीरगंज किंवा सुनौलीचा बेत आखावा.