रिकाम्या बाटलीचे मोल

पाण्याची किंवा सरबताची बाटली रिकामी झाली की आपण ती फेकून देतो. ती पुढे कुठे जाते, याचा विचार घरात क्वचितच होतो. वाचकांसाठी आम्ही आज तीच माहिती देत आहोत.

ही बाटली ‘पेट’ या प्लॅस्टिकची असते. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल हे दोन पदार्थ मण्यांसारखे एकाआड एक ओवले की पेटची माळ होते. नेहमीच्या पद्धतीत बाटल्यांचा चुरा धुऊन, वितळवून त्याचा धागा काढतात. पॉलिस्टरचे कापड, उशीतला कृत्रिम कापूस त्यातूनच होतो. पण बाटलीचा रंग जात नाही. शिवाय दर वेळी वितळताना माळ आखूड होते व माल हलका पडतो.

रासायनिक पद्धतीत ही माळच सोडवतात. चुरा ग्लायकॉलमध्ये घालून, थोडा जस्ताचा क्षार टाकून सुमारे १९० अंशांपर्यंत तापवतात. मणी सुटे झाले की रंग, मळ गाळून काढतात आणि पुन्हा माळ ओवतात. नव्यासारखे पेट मिळते. जपानमध्ये कावासाकी येथे असा कारखाना आहे. मात्र हे काम खर्चाचे आहे, इंधनही बरेच लागते. चुऱ्यात पीव्हीसी मिसळले तर माल बिघडतो. म्हणून आधी नीट निवड हवी.

ही निवड कोण करते? आपल्याच कष्टकरी आयाबहिणी! पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया आहेत. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली व २००८ पासून ती महापालिकेच्या करारानुसार घरोघरचा कचरा गोळा करू लागली.

कडक प्लॅस्टिकच्या वेष्टनात २०२५-२६ मध्ये ३० टक्के आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के पुनर्वापराचे प्लॅस्टिक असावे, असा नियम केंद्र सरकारने २०२२ साली केला. म्हणजे बाटलीला मागणी वाढणार. पण वाढलेला भाव उकिरड्यावर वाकणाऱ्या भगिनीपर्यंत पोहोचणार, की कारखानदार आणि व्यापाऱ्यांकडेच राहणार? कारखाने उभे राहण्याआधीच तिच्या संघटनेने आपला वाटा मागितला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

घरातही एवढे करावे. बाटली विसळून ओल्या कचऱ्यापासून वेगळी ठेवावी. चुलीत कधीही जाळू नये. तो धूर मुलांच्या छातीत जातो. आणि कचरा नेणाऱ्या ताईच्या हातात ती नीट द्यावी. तिच्या रोजच्या मिळकतीत तेवढीच भर पडेल.