औषधपाण्याचा खर्च व घरची मिळकत

आजारपणांत जो पैसा सरकार, विमा किंवा मालक यांच्याकडून भरून निघत नाहीं व जो घरच्यांसच मोजून द्यावा लागतो, त्यास पदरचा खर्च म्हणतात. तो सर्वांस सारखाच भारी असतो काय, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपल्या पवईचेंच उदाहरण घेऊं. येथें उंच इमारती आहेत, व टेकड्यांच्या उतारांवर दाटीची वस्तीही आहे. समजा, येथील तीन घरांत ताप आला आणि डॉक्टरची फी, तपासणी व औषधें मिळून प्रत्येकास ६,००० रुपये पडले. पहिल्या घराची मासिक मिळकत ३,००,००० रुपये, दुसऱ्याची ५०,००० व तिसऱ्याची १५,००० आहे. त्रैराशिक मांडल्यास पहिल्याचे शेंकडा २, दुसऱ्याचे १२ आणि तिसऱ्याचे ४० रुपये गेले. बिल एकच, भार मात्र वीसपट.

शिवाय रोजंदारीचा मनुष्य अंथरुणास खिळला कीं मजुरीही बुडते. ती बिलांत दिसत नाहीं. पहिला शिलकेंतून देतो, दुसरा ठेव मोडतो, तिसरा दागिना गहाण टाकतो अथवा औषधच घेत नाहीं. न घेतलेल्या औषधाचा खर्च शून्य भरतो. यास्तव नुसते आंकडे पाहून गरिबाचें दुखणें स्वस्त आहे असें समजूं नये.

पैशाअभावीं कोणी उपचारांस मुकूं नये, हें तत्त्व भोर समितीनें १९४६ सालींच मांडलें. राष्ट्रीय आरोग्य हिशेबांप्रमाणें देशाच्या एकूण आरोग्यखर्चांत पदरच्या खर्चाचा वांटा २०१३-१४ सालीं शेंकडा सुमारें ६४ होता. २०२१-२२ सालीं तो ३९ वर आला. आपल्या राज्यांत २०१२ सालीं सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नांवानें चालणारी योजना इस्पितळांतील ठराविक उपचारांचा भार उचलते. परंतु मधुमेहाची वा रक्तदाबाची रोजची गोळी तिच्यांत येत नाहीं. घाटकोपरच्या राजावाडीसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत खर्च अल्प येतो. तथापि रांगेंत गेलेला दिवस मजुरास फुकट पडत नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यांतील कांहीं जण उद्यां डॉक्टर वा औषधविक्रेते होतील. औषध कां घेतलें नाहीं म्हणून रोग्यास रागें भरण्यापूर्वीं, तें घेण्याची त्याची ऐपत होती काय, हें त्यास हळुवारपणें विचारा.