नवी विंडोज घेण्यापूर्वी

आमच्या दिंडोरीत दुकानातला संगणक सहसा दुहेरी कामाचा असतो. दिवसा बिले आणि उधारीची खाती, संध्याकाळी मुलांचे खेळ. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हापासून विंडोज ११ घ्यावी का, हा प्रश्न आम्हा दुकानदारांपुढे आहे.

आमचा अनुभव असा, की नवी प्रणाली चांगली चालते. अडते ते जुन्या सामानावर. यूएसबीचा गेमपॅड बहुधा लावताच चालतो. पंधरा पिनांच्या जुन्या जॉयस्टिकचा आधार मात्र २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासूनच काढून टाकला आहे. तिथे मुलांचा खेळ तेवढा बुडतो. बिलाच्या प्रिंटरला नवा ड्रायव्हर मिळाला नाही, तर गिऱ्हाईक उभे राहते. डॉसच्या जमान्यातले १६ बिटी हिशेबाचे प्रोग्राम तर विंडोज ११ वर थेट चालतच नाहीत, कारण ती फक्त ६४ बिटी आहे.

संगणकही त्या योग्यतेचा हवा : किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम हे तपासून देतो.

व्यापारी बांधवांनी आधी उधारीच्या खात्यांची नक्कल पेनड्राईव्हवर घ्यावी, मग प्रिंटर व हिशेबाचा प्रोग्राम चालेल का ते विक्रेत्याला विचारावे. गेमपॅड सर्वांत शेवटी. आणि हा बदल रमजानच्या किंवा द्राक्षहंगामाच्या गर्दीत करू नये.